दवाखान्याचा नंबर फोनवरून : वाट पाहणं खरंच कमी झालं का?

कापूसकाठ

राम राम मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १६ किलोमीटरवरच्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, दाखले, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले ही रोजची कामं. गेल्या पोळ्यापासून त्यात एका कामाची भर पडली आहे, दवाखान्याचा नंबर लावून देणं. आमच्या भागातली बरीच गावं तालुक्यातल्या ज्या डॉक्टरांकडे जातात, त्यांनी नंबर फोनवरून द्यायला सुरुवात केली.

आधी काय होतं ते सांगते. डॉक्टर बसायचे साडेदहाला. कंपाउंडरभाऊ सातला शटर उघडून वही टेबलावर ठेवायचे. पण त्याआधीच पायरीवर रांग लागलेली असायची, माणसांची नाही, वस्तूंची. चप्पल, पिशवी, पाण्याची बाटली, नाहीतर दगड. ज्याची वस्तू पुढं, त्याचं नाव पुढं. हे जमायचं कोणाला? तालुक्यात राहणाऱ्याला, नाहीतर घरी मोटारसायकल असलेल्याला. आमच्या गावातून पहिली यष्टी पावणेसातला. दवाखान्यात पोचेपर्यंत पावणेआठ होत, तोवर वहीत तीसच्या वर नावं. मग डॉक्टर येईपर्यंत तीन तास आणि आपला नंबर येईपर्यंत आणखी तीन. दोनच्या सुमारास आत गेलेली बाई पाच मिनिटांत बाहेर यायची, तोवर दोनची परतीची गाडी गेलेली. पुढची साडेचारला. पाच मिनिटांच्या तपासणीला अख्खा दिवस.

वेचणीच्या दिवसांत हे फार लागतं. मजुरी किलोवर असते, जेवढा कापूस वेचला तेवढे पैसे. म्हाताऱ्या सासूला एकटीनं जाता येत नाही म्हणून सून सोबत जाते, म्हणजे दोघींचा रोज बुडतो. माझ्या आईला दमा आहे. खोकणाऱ्या माणसांनी भरलेल्या बंद खोलीत तिला तासन् तास बसवताना माझाच जीव घाबरा व्हायचा.

आता सकाळी सहाला नंबर सुटतात. नाव, वय, मोबाइल टाकला की नंबर येतो, आणि ‘आत्ता आत कितवा’ ते फोनवरच्या पानावर दिसत राहतं. वेचणीच्या दिवसांत एकदा आमच्या एक काकू ३८ नंबर असूनही अकरापर्यंत वावरात होत्या. मी पाहिलं, आत ११ चालू होता. त्यांना फोन केला, त्या साडेअकराच्या गाडीत बसल्या, एकच्या सुमारास आत गेल्या आणि दोनच्या गाडीनं परतल्या. अर्ध्या दिवसाची वेचणी पदरात पडली. हे पाहिल्यावर मला वाटलं की ही गोष्ट आपल्या लोकांच्या फार उपयोगाची आहे.

पण आठ महिन्यांत अडचणीही दिसल्या. पहिले वीस-पंचवीस नंबर सहाला पाच मिनिटांच्या आत संपतात. ते घेतात तालुक्यातली, चांगलं नेटवर्क असलेली माणसं, ज्यांना दवाखाना घराजवळ आहे. एका मोबाइलवर दोनच नंबर मिळतात, आणि आमच्या गावात अर्ध्या घरांचा ‘मोबाइल’ म्हणजे माझाच. गावाच्या वर कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती आहे, तिथं तर पाच-सहा घरांत मिळून एक फोन. डॉक्टर मधेच तातडीच्या पेशंटसाठी उठून गेले तर पानावरचा आकडा दोन तास तिथंच अडकलेला असतो आणि कोणी काही सांगत नाही. आणि रक्ताचा रिपोर्ट दाखवायला परत आत जाणाऱ्यांचा हिशोब त्या आकड्यात कुठंच नाही.

पुढच्या आठवड्यात गावातले चार-सहा जण घेऊन मी डॉक्टरांना भेटायला जाणार आहे. तक्रार करायला नाही, काय बदलता येईल ते बोलायला. तुमच्याकडं काय चालतं ते सांगा.

येरद_फाटा

ताई, चांगला विषय काढला. मी वाशीम जिल्ह्यातला. आमच्या इकडे हे सुरू झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात दवाखान्यासमोर भांडण झालं. लोकं पहाटपासून बसून होते अन् एक पोरगा अकरा वाजता गाडीवर आला, फोन दाखवला अन् सरळ आत गेला. बसलेल्या लोकायले काय माहीत का त्यानं घरूनच नंबर लावला होता? त्यायले वाटलं का हा वशिल्याचा हाये. माझे बाबा त्या दिवशी तिथंच होते. घरी आल्यावर म्हणे, ‘आपली गरिबाची रांगच नाही राहिली आता.’ ते बोलणं मले अजून टोचते.

म्हणून माझं सांगणं येवढंच का फोनवरचा अन् दारातला नंबर एकाच यादीत पायजे, अन् ती यादी सगळ्याले दिसली पायजे. भिंतीवर पाटी लावा, टीव्ही लावा, नाहीतर खडूनं लिहा, पण दिसू द्या.

वणाकाठचा

मूळ हिंगणघाटचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. अशा रांगांचा हिशोब माझ्या कामात येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या काकूंचा अनुभव हीच या पद्धतीची खरी कमाई आहे. ऑनलाइन नंबरनं डॉक्टरांचा वेग वाढत नाही. दिवसाला साठ पेशंट आणि प्रत्येकाला चार मिनिटं असतील तर चार तास लागणारच, नंबर वहीत लिहा नाहीतर फोनवर घ्या. बदलतं ते एवढंच की वाट कुठं पाहायची. बाकावर की वावरात. म्हणून ‘नंबर मिळाला’ यापेक्षा ‘आत्ता आत कितवा आहे’ हे कळणं जास्त मोलाचं. ज्या दवाखान्यात फक्त नंबर देतात आणि चालू आकडा दाखवत नाहीत, तिथं लोक पूर्वीसारखेच लवकर येऊन बसतात. त्यांचा दोष नाही, नंबर हुकेल ही भीती खरी असते.

अंदाज काढायला मोठं गणित लागत नाही. तुमच्या पुढं किती जण आणि सरासरी एकाला किती मिनिटं, यांचा गुणाकार. याच नात्याचा एक सर्वसाधारण नियम अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला : रांगेत सरासरी किती माणसं असतात ते दोन गोष्टींवर ठरतं, माणसं कोणत्या वेगानं येतात आणि प्रत्येक जण किती वेळ थांबतो. दवाखान्यासाठी याचा अर्थ असा की सगळ्यांनी एकदम येऊन बसायचं बंद झालं तर तेवढ्याच पेशंटांमध्ये खोली अर्धी रिकामी होऊ शकते. तुमच्या आईसारख्या दम्याच्या पेशंटला हे महत्त्वाचं आहे. क्षयरोग हवेतून पसरतो, आणि बंद खोलीत गर्दी करून खोकत बसणं त्याला अगदी सोयीचं.

एक गोष्ट मात्र लोकांना पटवून द्यावी लागते. सरासरी चार मिनिटं आहे म्हणून दर चार मिनिटांनी एकाला बोलावलं तर रांग राहणार नाही, असं वाटतं. तसं होत नाही. एखादा दोन मिनिटांत होतो, एखाद्याला बारा लागतात. बारावाल्यामुळे मागचे सगळे मागं ढकलले जातात. दोनवाल्यामुळे वेळ वाचतो खरा, पण पुढचा पेशंट आलेला नसेल तर तो वायाच जातो. म्हणून अचूक वेळ कबूल करू नये, ‘साडेबारा ते दीड’ असा अंदाज द्यावा.

डॉक्टर_तालुका

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षं प्रॅक्टिस करतो. धागा वाचून राहवलं नाही.

वणाकाठचा यांनी लिहिलं ते खरं आहे आणि ते आम्हा डॉक्टरांना फार जुन्या काळापासून सांगितलेलं आहे. इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये बाह्यरुग्ण विभागांतल्या रांगांचा अभ्यास केला. त्यांचा सल्ला साधा होता. सुरुवातीला दोन पेशंट हजर ठेवा आणि मग सरासरी तपासणीला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला बोलवा. डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि खोलीही भरत नाही. पण त्याला एक अट आहे, डॉक्टरांनी वेळेवर सुरू करणं.

मी हे स्वतःच्या दवाखान्यात केलं ते पाच वर्षांपूर्वी. पाटीवर दहाची वेळ होती आणि मी अकराला खुर्चीवर बसत होतो, आधी भरती पेशंटांचा राउंड असायचा म्हणून. मुलीनं एकदा वेटिंगमध्ये बसून मला सांगितलं की तिथली माणसं घड्याळाकडं नाही, दाराकडं बघत असतात. मी पाटीवरची वेळ सव्वाअकरा केली आणि सव्वाअकराला बसू लागलो. पेशंट तेवढेच, फी तीच, बाकावरचा एक तास मात्र कमी झाला. त्यानंतर दीड वर्षानं मी फोनवरचे नंबर सुरू केले. उलट क्रमानं केलं असतं तर उपयोग झाला नसता, असं माझं ठाम मत आहे.

आता आमची बाजू. भारतात तपासणीचा सरासरी वेळ सुमारे दोन मिनिटं असल्याचं ६७ देशांवरच्या एका अभ्यासात २०१७ मध्ये आलं होतं. ही आमच्यासाठी अभिमानाची गोष्ट नाही. रांगेचा दाब डोक्यावर असला की मधुमेहाच्या पेशंटचे पाय बघायचे राहून जातात, हे मी अनुभवानं सांगतो. म्हणून नंबरांना वरची मर्यादा हवी. मी सकाळी ५० च्या वर घेत नाही. नेहमीचे बीपी-शुगरवाले दुपारी चारनंतर बोलावतो, कारण त्यांची तारीख आधीच ठरलेली असते. सकाळी तापाच्या पेशंटांसोबत त्यांनी बसण्याची काही गरज नाही.

रिपोर्टवाल्यांसाठी माझ्याकडं वेगळा नियम आहे. दर चार नव्या पेशंटांनंतर एक रिपोर्ट. आकड्यापुढं ‘र’ लिहून येतो, त्यामुळं बाहेर बसलेल्यांना कळतं की हा मधे घुसला नाही.

आणि तातडीच्या पेशंटला नंबर नसतोच. साप चावलेला, फवारणीत विषबाधा झालेला, झटके येणारं मूल, छातीत दुखणारा, श्वास अडकलेला. २०१७ च्या खरिपात यवतमाळकडं फवारणीनं काय झालं ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. ‘अशा माणसाला कंपाउंडर थांबवणार नाही’ हे पाटीवर लिहून ठेवलं, तर कोणी भांडत नाही. आमच्या लोकांना ते कळतं.

येरद_फाटा

डॉक्टरसाहेब, ते ‘र’ वालं एकदम पटलं. आमच्याकडे सगळ्यात जास्त कटकट त्याच्यावरूनच होते.

आशा_वर्कर_मेळघाट

मी आशा आहे, धारणी तालुक्यात. सरकारी दवाखान्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आदिवासी भागात २० हजारांमागं एक, असा निकष आहे. पण डोंगरात वीस हजार लोक म्हणजे किती पाडे आणि किती चढ-उतार, ते इथं चालल्याशिवाय कळत नाही. आमच्या बाया नंबर चुकवत नाहीत, त्यांची जीप चुकते.

राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, चिठ्ठीचे पैसेही नाहीत. ते चांगलं झालं. पण चिठ्ठीची रांग राहिलीच. मोठ्या दवाखान्यांत आता भिंतीवर एक चौकोनी चिन्ह, क्यूआर कोड, लावलेलं असतं. फोननं ते स्कॅन केलं की आभा या आपल्या आरोग्याच्या सरकारी डिजिटल खात्यातली माहिती आपोआप जाते आणि टोकन मिळतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये हे ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालं. मी माझ्या लाभार्थींचे १४ आकडी आभा क्रमांक काढून दिले आहेत. पण यानं फक्त केस पेपरच्या खिडकीवरची रांग वाचते. डॉक्टरांच्या दारापुढची आणि औषधाच्या खिडकीपुढची तशीच असते. आणि स्कॅन करायला फोन लागतो. आमच्या बायांचे फोन नवऱ्याजवळ असतात आणि नवरा कामावर.

आमच्याकडं सगळ्यात मोठी गर्दी असते दर महिन्याच्या ९ तारखेला. २०१६ पासून त्या दिवशी मातृत्व अभियानात गरोदर बायांची तपासणी होते. सगळ्या आशा आपापल्या बाया घेऊन येतात, सगळ्या दहालाच. आठव्या महिन्यातल्या बाईला दुपारपर्यंत फरशीवर बसलेलं मी पाहिलं आहे. मग आम्ही सहा आशांनी सिस्टरशी बोलून आपसातच ठरवलं. दोन गावं नऊला, दोन अकराला, दोन एकला. जोखमीच्या बाया सगळ्यात आधी, गाव कोणतंही असो. कोणतंही ॲप नाही, एक कागद आणि सहा फोन. त्यानं खूप फरक पडला.

कापूसकाठताई, तुम्ही नंबर लावायचे पैसे घेता का? राग मानू नका, विचारते आहे.

कापूसकाठ

ताई, राग कशाचा? घेते. एका नंबरचे १० रुपये. सकाळी सहाला उठून मी तीन फोन घेऊन बसते, नेटचं बिल माझं, आणि दिवसभर ‘कितवा चालू आहे’ विचारायला फोन येतात ते वेगळे. पोडावरच्या लोकांकडून घेत नाही, निराधार पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांकडून घेत नाही.

पण तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. नंबर विकले जाऊ लागले तर काय होईल, याची मला काळजी आहे. तालुक्यात एक मुलगा सकाळी आठ-दहा नंबर खोट्या नावांनी अडवून ठेवतो आणि ५० रुपयांना देतो, असं माझ्या कानावर आलं आहे. म्हणून एका मोबाइलवर दोनच नंबर हा नियम मला समजतो. पण त्याच नियमानं आमचं गाव बाहेर राहतं. यावर काय उपाय?

वणाकाठचा

उपाय आहे. मोबाइलवर मर्यादा ठेवण्यापेक्षा पेशंटच्या नावावर ठेवावी. एका माणसाचा एका दिवसात एकच नंबर, आणि आत जाताना नाव-वय जुळलं पाहिजे. नंबर दुसऱ्याच्या नावावर होत नाही एवढं पक्कं केलं की अडवून विकण्यात काही उरत नाही. आशाताई, सेवा केंद्र, ग्रामपंचायत अशा ओळखीच्या फोनना दहा-बारा नंबरांची परवानगी द्यावी, मात्र प्रत्येक नंबर खऱ्या नावानं.

दुसरं, सगळे नंबर सहाला एकदम सोडू नयेत. अर्धे सहाला सोडावे. उरलेल्यांतले काही दारात आलेल्यांसाठी आणि काही लांबच्या गावांसाठी राखावे. लांबच्या गावांचे नंबर यष्टीच्या वेळेवर बसवावे. तुमची गाडी साडेबाराला पोचते तर त्या गाडीतल्या लोकांना ७ नंबर देऊन काय फायदा? त्यांना ३५ ते ४५ मधलेच द्या. तेच त्यांच्या कामाचे.

पळस_आणि_मोह

गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या गावात फोनला रेंज मिळते ती शाळेच्या मागच्या टेकाडावर. त्यामुळं ‘चालू नंबर फोनवर पाहा’ हे आमच्यासाठी सध्या दूरचं आहे. पावसाळ्यात नाला आला की दवाखानाही दूरचा.

तरी दोन गोष्टी सुचवाव्या वाटतात. जिथं इंटरनेट नाही तिथं साधा फोन किंवा एसएमएस बराच वेळ चालतो. दवाखान्यानं तासातून एकदा प्रत्येक गावातल्या एका माणसाला ‘२० चालू’ एवढा निरोप दिला, आणि त्यानं तो शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला, तरी पुरे. मी स्वतः असा फळा लिहायला तयार आहे.

दुसरं, काही वेळा जायचीच गरज नसते. ई-संजीवनी या सरकारच्या दूरवरून सल्ला देणाऱ्या सेवेवर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून देतात. तिथंही टोकन असतं आणि थांबावं लागतं, पण थांबणं गावातच होतं. त्वचेच्या तक्रारी, जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, एवढ्यासाठी साठ किलोमीटर जाण्यापेक्षा ते बरं. हात लावून तपासावं लागतं तिथं मात्र त्याचा उपयोग नाही. गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट आहेत. त्यांना दुखण्याचा झटका आला की ना व्हिडिओ चालतो ना नंबर, त्यांना थेट आत घ्यावं लागतं. डॉक्टरसाहेब, तुमच्या तातडीच्या पाटीवर सिकलसेलचा झटकाही लिहा, ही विनंती.

डॉक्टर_तालुका

सर, लिहितो. आमच्या तालुक्यात असे पेशंट कमी दिसतात म्हणून सुचलं नव्हतं. उद्याच पाटी बदलतो.

लेकीची_माय

मी नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. वर्धा जिल्ह्यातून.

आमच्या इकडच्या एका दवाखान्यात नंबर व्हॉट्सॲपवर लावतात. गावोगावचे गट केले आहेत. रोज सकाळी कंपाउंडर वहीच्या पानाचा फोटो गटात टाकतो : नंबर, पूर्ण नाव, गाव आणि पुढं कशासाठी तेही. तीनशे माणसांच्या गटात माझ्या लेकीचं नाव आणि पुढं ‘पाळी’ असं लिहून आलं. ती सतरा वर्षांची आहे. आठ दिवस घराबाहेर पडली नाही. नंतर मी तिला नागपूरला नेलं. जवळचा दवाखाना सोडून ८० किलोमीटर.

नंबर देताना नाव कशाला दाखवायचं? आकडा पुरेसा नाही का? वेळ वाचला, पण आमची लाज वेशीवर टांगली गेली. हे कोणीच बोलत नाही म्हणून लिहिलं.

आशा_वर्कर_मेळघाट

ताई, तुम्ही हे लिहिलं ते फार बरं केलं. लेकीला सांगा की चूक तिची नाही.

हे मी आमच्या सभेत मांडणार आहे. क्षयरोगाच्या आणि मुलासाठी उपचार घेणाऱ्या पेशंटांच्या बाबतीतही असंच होतं.

वणाकाठचा

लेकीची माय, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पाटीवर, गटात, पानावर फक्त आकडा दिसावा. फार तर आकडा आणि गावाचं पहिलं अक्षर. तक्रार कशाची आहे ते नंबर देताना विचारूच नये, ते डॉक्टरांच्या खोलीतच बोलायचं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायद्याआधी त्या कंपाउंडरला समोर बसवून हे समजावून सांगणं जास्त लवकर उपयोगी पडेल. बहुतेकांना यात काही चुकतंय हेच कळलेलं नसतं.

येरद_फाटा

ताई, माझी बहीण पण त्याच वयाची हाये. वाचून लय वाईट वाटलं. आमच्या गावच्या गटात पण असेच फोटो येतात, आजपर्यंत मले काही वाटलं नव्हतं. आज दवाखान्यात जाऊन बोलतो.

कापूसकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशिराबद्दल माफी, मधे पीककर्जाच्या कागदपत्रांची गर्दी होती.

आम्ही सात जण डॉक्टरांना भेटलो. त्यात पोडावरचे दोघं होते आणि कंपाउंडरभाऊंनाही बसवून घेतलं. ते फार महत्त्वाचं ठरलं, कारण रोजची भांडणं तेच झेलतात. डॉक्टरांनी पाऊण तास दिला. या धाग्यातली बरीच वाक्यं मी त्यांना वाचून दाखवली. बुलढाण्याच्या डॉक्टरसाहेबांचं ‘आधी वेळेवर बसणं’ वाचताना मला धाकधूक होती, पण त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘साडेदहा जमत नाही मला, अकरा लिहा.’ आता पाटीवर अकरा आहे. तीन आठवड्यांत दोनदा उशीर झाला, आणि दोन्ही वेळा कंपाउंडरभाऊंनी मला आधी फोन केला, तो मी पुढं सगळ्यांना कळवला.

बाकी काय ठरलं ते सांगते. ६० पैकी ३० नंबर सहाला सुटतात. १२ दारात येणाऱ्यांसाठी आहेत, तेही त्याच यादीत. १८ लांबच्या गावांसाठी, गाडी पोचायच्या वेळेनुसार. माझ्या फोनवरून आता १० लावता येतात, प्रत्येक खऱ्या नावानं. उशिरा पोचलेल्याचा नंबर जात नाही, तो आल्यावर पुढच्या तिघांनंतर आत जातो. यष्टी पंक्चर झाली तर तो माणूस काय करणार, हे त्यांना लगेच पटलं. रिपोर्टवाल्यांना ‘र’ मिळाला. दारावर मोठ्या आकड्यांची पाटी लागली आहे, नावाशिवाय. लेकीची माय, तुमची गोष्ट मी नाव-गाव न सांगता सांगितली. कंपाउंडरभाऊ बराच वेळ गप्प होते, मग ते स्वतःच म्हणाले, गटात वहीचे फोटो टाकणं आपणही बंद करतो.

एक गोष्ट झाली नाही. महिन्यातून दोनदा बाहेरून सोनोग्राफीच्या डॉक्टर येतात, त्यांच्या दिवशी अजूनही सगळ्यांना एकदम बोलावतात. त्या कधी पोचतील ते त्यांच्याच हातात नसतं, असं सांगितलं. पोटुशा बायांना पाणी पिऊन, लघवी अडवून थांबून राहावं लागतं. त्याबद्दल पुढच्या महिन्यात त्या येतील तेव्हा भेटायचं ठरवलं आहे.

आशा_वर्कर_मेळघाट

ताई, सोनोग्राफीसाठी आम्ही ९ तारखेला करतो तसं गावनिहाय करून बघा. आणि पाणी एकदम आधीच पाजू नका म्हणावं. डॉक्टर निघाल्याचा फोन आला की मग प्यायला सांगा.

कापूसकाठ

हे सुचलंच नव्हतं, सांगते. पोडावरच्या एका आजोबांनी परवा मला येऊन विचारलं, ‘माझा ४१ वा आहे तर मी बैलाला पाणी दाखवून येऊ का?’ मी पान पाहिलं, आत १४ चालू होता. जा म्हटलं.

आगारातून कळलं की पुढच्या सोमवारपासून आमची साडेअकराची गाडी सव्वाअकराला सुटणार आहे. खात्री करून घेते आणि दवाखान्यात कळवते, म्हणजे आमच्या गाडीचे नंबर चार-पाचानं पुढं घेता येतील.